कुत्रं चावलं: आधी पाणी, मग सुई, मग जाब



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रविवारची वंदना संपवून आम्ही बाया विहारातल्या सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक आजी सात वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन धावत आली. पोराच्या पोटरीत कुत्र्याचे दात रुतले होते आणि जखमेवर लाल तिखट थापलेलं होतं. पोरगं तडफडत होतं. आजी म्हणाली, "सिस्टर, मोबाईलवर दाखवलंय, तिखटानं विष उतरतं."

आम्ही आजीला रागावलो नाही. नातू वाचावा म्हणूनच तिने ते केलं होतं. पोराला उचलून आम्ही विहाराच्या मोरीत नेलं आणि नळ सोडला. नळातून नुसती हवा आली. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं आणि तेव्हा अकरा वाजून गेले होते. मग बायांनी आपापल्या घरून हंडे आणले. एकीने पाय धरला, दुसरीने मगाने धार सोडली, आम्ही साबण लावत राहिलो आणि एका मुलीने मोबाईलवर पंधरा मिनिटं लावली. चार हंडे संपले. दुपारच्या स्वयंपाकाचं आणि प्यायचं पाणी त्या बायांनी कुरकुर न करता ओतलं.

त्या चार हंड्यांसाठी हा लेख लिहितो आहोत.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. नंतर नोकरी सोडून वस्तीतच आरोग्याचं काम धरलं. वॉर्डात असताना चाव्याचा पेशंट आला की आम्ही सराईतपणे म्हणायचो, "घरी साबणाने पंधरा मिनिटं धुतलं का?" पेशंट मान खाली घालायचा आणि आम्ही केसपेपरवर 'धुतले नाही' असं लिहायचो. पाणी होतं का, हे आम्ही कधीच विचारलं नाही. वस्तीत जन्मलेल्या आमच्यासारखीलाही ते सुचलं नाही. ही चूक आमची आहे आणि ती इथे कबूल करतो.

पंधरा मिनिटं का, तेही समजून घ्या. रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेत असतो. चावल्यावर तो जखमेत उतरतो आणि तिथून नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. साबणाच्या फेसाने त्याचं कवच फुटतं आणि वाहत्या पाण्याने तो धुऊन निघतो. जेवढा विषाणू जखमेतच मेला, तेवढा धोका कमी झाला. तिखट, हळद, चुना, तेल, कॉफी किंवा बिब्बा लावल्याने तो मरत नाही. उलट जखम चिडते आणि धुवायची वेळ हातची जाते.

त्या दिवशी पोराला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलो. रविवार असल्याने ओपीडी बंद होती. दुसऱ्या ठिकाणी लस मिळाली, पण जखमेत द्यायचं सीरम तिथे नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी संध्याकाळी ते मिळालं. रिक्षाचं भाडं तीन ठिकाणी मोजावं लागलं. पोराची आई धुणीभांडी करते, तिचा खाडा पडला. आमची ओळख होती, बोलायचं धाडस होतं, म्हणून एका दिवसात निभावलं. ज्याच्याकडे ओळख नाही तो पहिल्याच दारातून, 'सुई घेतली, झालं' असं समजून घरी परततो.

असा परतलेला एक पेशंट आम्ही पाहिला आहे. बांधकामावरचा मजूर होता. दोन महिन्यांपूर्वी पिल्लाने बोट ओरबाडलं होतं. जखम बारीक, पिल्लू लहान, म्हणून एक सुई घेऊन तो कामावर गेला. आला तेव्हा त्याला तहान लागली होती. ग्लास ओठाशी नेला की घसा आवळून यायचा आणि अंग आचके द्यायचं. पाणी हवं होतं आणि पाणी बघवत नव्हतं. बायको दाराशी उभी राहून विचारत होती, "यांना पाणी का देत नाही?" तो वाचला नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही. पण चावल्याबरोबर धुतलं, लस पूर्ण घेतली आणि गरज असताना सीरम मिळालं, तर हा आजार जवळपास हमखास टळतो. लस आहे, सीरम आहे, तरी माणूस मरतो. म्हणूनच आम्ही या मरणाला नशीब म्हणायला तयार नाही.

आता कुत्र्यांच्या राजकारणाकडे येऊ. 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश दिला. 22 ऑगस्टला तो बदलला. नसबंदी आणि लस करून कुत्रं उचललं त्याच भागात सोडा, फक्त रेबीजचं किंवा फार अंगावर येणारं सोडू नका, असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बस स्थानकं अशा आवारांतून कुत्री हटवायला सांगितलं. टीव्हीवर आणि मोबाईलवर दोन पक्ष पडले. एक म्हणे सगळी हटवा, दुसरा म्हणे मुक्या जीवाला हात लावू नका. दोन्हीकडून बोलणारे बहुतेक गेटच्या आतले. रात्री दहाला कंपनीतून सुटून पायी घरी येणाऱ्या बाईला कोणी विचारलं नाही. पहाटे कचरा वेचायला जाणाऱ्या आमच्या मावशीला कोणी विचारलं नाही.

आम्हाला विचारलं असतं, तर शेरूची गोष्ट सांगितली असती. शेरू आमच्या गल्लीचा कुत्रा. त्याचा मालक कोणी नाही आणि सगळेच आहेत. रात्री बायाबापड्या सार्वजनिक शौचालयात जायला निघाल्या की तो पुढे चालतो आणि त्या बाहेर येईपर्यंत दाराशी बसतो. तिथला दिवा कित्येक महिने बंद आहे. दिव्याचं काम शेरू करतो. त्याच वस्तीच्या टोकाला कचऱ्याचा ढीग आहे. घंटागाडी आली तर आली. त्या ढिगावर दहा-बारा कुत्री जगतात आणि त्यातल्याच एकाने त्या पोराला धरलं. कुत्रं आमच्या रात्रीची सोबत आहे आणि आमच्या लेकरांची भीतीही आहे. एकाच पक्षात बसणं आम्हाला परवडत नाही.

वस्तीतली जुनी माणसं चिडून म्हणतात, "कुत्र्यामांजरांची दया येते यांना, आमची कधी आली?" हा राग खरा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं, कुत्री पाणी पीत होती आणि आपल्या आजा-पणज्यांना बंदी होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तिथे ओंजळ भरली. 1931 साली मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हाही, जिथे आम्हाला कुत्र्यामांजराहून वाईट वागवतात ती भूमी आमची कशी, या अर्थाचा सवाल त्यांनी केला. ज्यांच्या घराण्यात ही आठवण आहे, त्यांना प्राणिप्रेमाचं व्याख्यान ऐकवू नये.

पण तो राग शेरूच्या पाठीत दगड घालून काढायचा नाही. महाडला तळ्यावर पाणी पिणाऱ्या जनावराशी बाबासाहेबांचं भांडण नव्हतं. माणसाला पाणी नाकारणाऱ्यांशी होतं. आपण रोज पाणातिपाता वेरमणी म्हणतो. कुत्र्याला विष घालून वस्ती सुरक्षित होत नाही. कचऱ्याचा ढीग तसाच राहिला की मेलेल्याच्या जागी बाहेरचं, लस न झालेलं कुत्रं येतं. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं आपल्या जागेवर राहिलं, तर वस्तीला कमी धोका असतो. अशा कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते. आपल्या गल्लीतल्या किती कुत्र्यांच्या कानाला ती खूण आहे, एकदा मोजून बघा.

आणि ज्यांनी घरी कुत्रं किंवा मांजर पाळलं आहे, त्यांनी त्याला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी द्या. लोकांना सांगणाऱ्या आम्ही स्वतः शेरूला दोन वर्षं लस दिली नव्हती. तो सगळ्यांचा म्हणून कोणाचीच जबाबदारी नव्हती. पोराला चावा झाल्यावर जाग आली. वर्गणी काढली आणि शेरूला लस टोचून आणली.

आता कामाचं ऐका. हे कापून भिंतीला लावलं तरी चालेल.

कुत्रं, मांजर, माकड कोणीही चावलं किंवा ओरबाडलं तर लगेच साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. नळ नसेल तर हंड्याने धार सोडा. घट्ट पट्टी बांधू नका, टाके घालायची घाई करू देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र झाली तर सकाळी गाठा, पण जा. उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका, उशिरा घेतलेली लसही घ्यायचीच असते. रक्त आलं असेल, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरम लागतं. ते पहिल्या दिवशीच मिळायला हवं. नाहीच मिळालं तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घ्या. "सीरम दिलं का?" हा प्रश्न तोंडपाठ करा.

सरकारी दवाखान्यात लस बहुतेक ठिकाणी कातडीत देतात. त्याचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. म्हणजे 1 तारखेला पहिली घेतली तर पुढच्या 4, 8 आणि 29 तारखेला. दंडात स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवशी आणखी एक असते. पोटातली चौदा इंजेक्शनं विसरा. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, 2005 च्या सुमारास आपल्या देशात बंद झाली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने लस घ्यावी, तान्ह्या बाळालाही गरज पडली तर द्यावी. पथ्य काही नाही. ओळखीचं कुत्रं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवू नका. नुसतं अंगावरून हात फिरवला, किंवा न फुटलेल्या कातडीला त्याने चाटलं, तर हात धुवा, लस लागत नाही.

हातातला मोबाईल इथे कामाला येतो. केसपेपरचा फोटो काढून ठेवा, कागद भिजतो, हरवतो. पुढच्या तिन्ही तारखांचे गजर लावा. आम्ही वस्तीच्या ग्रुपवर चावा झालेल्यांच्या तारखा टाकतो, म्हणजे आई कामावर असली तर शेजारीण घेऊन जाते. आणि तिखटाचा, मंत्राचा, जडीबुटीचा व्हिडिओ आला की पुढे पाठवू नका. ज्याने पाठवला त्याला जाहीरपणे विचारा, "दादा, तुमच्या लेकराला हेच लावाल का?"

शेवटी जाब. 2023 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही पालिका-पंचायतीची जबाबदारी आहे. ती आपल्यावर उपकार म्हणून करायची गोष्ट नाही. मतं मागायला दारात येतात तेव्हा आपण निळा झेंडा लावून घेतो, चहा पाजतो, फोटो काढतो. या खेपेला चार प्रश्न विचारू या. पाणी किती तास देणार? घंटागाडी रोज येणार का? लस आणि सीरम दोन्ही एकाच, जवळच्या दवाखान्यात, रविवारीही मिळणार का? शौचालयाचा दिवा कधी लागणार? कागदावर लिहून द्या म्हणावं, आणि तो कागद विहाराच्या फळ्यावर टाचून ठेवावा.

आम्ही एक छोटं काम केलं आहे. विहाराच्या मोरीत झाकणाचे दोन मोठे पिंप भरून ठेवले आहेत. शेजारी साबण आणि मग आहे. त्यावर 'फक्त जखम धुण्यासाठी' असं मुलांनी लिहिलं आहे. रोज सकाळी नळ आला की आधी ते पिंप भरायचे, मग घरचे हंडे, असं बायांनी ठरवलं आहे. त्या पोराने चारही दिवस सुई घेतली. अठ्ठाविसाव्या दिवशी आजीने त्याला स्वतः नेलं, आम्हाला बोलवलंही नाही.

पण पिंप भरून ठेवणं हे पालिकेच्या नळाला उत्तर नाही. नळाला पाणी येईपर्यंत पिंपही भरायचे आणि जाबही विचारत राहायचा.

जय भीम.