न चुकणारी गृहीतके : मराठीतील लघुप्रबंध आणि त्यानंतर

विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांद्वारे एम.फिल. ही पदवी बंद केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिचा शेवट जाहीर झालेलाच होता. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला पुन्हा बजावावे लागले की, विद्यापीठांनी या पदवीसाठी प्रवेश देऊ नयेत. या निर्णयावर मराठीच्या विभागांतून ज्या प्रतिक्रिया कानी आल्या, त्यांतली पहिली सुटकेची होती आणि दुसरी वेतनवाढीच्या चिंतेची. या पदवीने मराठी समीक्षेला काय दिले आणि तिच्याबरोबर काय गेले, हा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. एखाद्या ज्ञानशाखेतील संशोधनाची एक संपूर्ण पायरी काढून घेतली जाते आणि त्या शाखेला तिच्या समर्थनार्थ दहा चांगले लघुप्रबंध पुढे करता येत नाहीत, ही गोष्ट निर्णयाहून अधिक गंभीर आहे.

ही पदवी निरुपयोगी होती म्हणून गेली, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे. ती फार उपयोगाची होती असे मानणाऱ्यांशीही आहे, कारण त्यांना अभिप्रेत असलेला उपयोग बहुधा सेवापुस्तकात नोंदवण्याजोगा असतो. एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधली संशोधनाची उमेदवारी, ही या पदवीमागची मूळ कल्पना. १९९१ नंतर महाविद्यालयीन अध्यापकांना नेट-सेट अनिवार्य झाली आणि या उमेदवारीकडे नोकरीच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. २००६ मध्ये पदवीस्तरावर शिकवण्यासाठी एम.फिल.धारकांना नेटमधून सूट मिळाली. मग जे व्हायचे तेच झाले. दूरस्थ पद्धतीने, राज्याबाहेरून, जमेल तिथून लोक एम.फिल. होऊन आले. २००९ मध्ये सूटही गेली आणि दूरस्थ पद्धतीवरही बंदी आली. २०१० च्या विनियमांनी नोकरीत शिरताना एम.फिल. असलेल्यास दोन आणि नोकरीत असताना होणाऱ्यास एक आगाऊ वेतनवाढ देऊ केली. पदवीचे प्रयोजन असे दर काही वर्षांनी वेतननिश्चितीच्या टेबलावर ठरत राहिले. मराठीच्या विभागांनी त्याला हरकत घेतली नाही. प्रत्येक नव्या प्रयोजनाला पुरेल अशा बेताने लघुप्रबंधाचा साचा तेवढा पक्का करून ठेवला.

तो साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. शीर्षक : 'अमुक यांच्या कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास'. पहिले प्रकरण लेखकाच्या जीवनपरिचयाचे. त्यात जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार. दुसरे प्रकरण कादंबरी या संकल्पनेचे आणि मराठी कादंबरीच्या वाटचालीचे; ते १८५७ च्या 'यमुनापर्यटन'पासून निघते आणि वाटेत कोठेही न रेंगाळता अभ्यासविषय असलेल्या लेखकापाशी येऊन थांबते. लेखक कोणीही असो, हे प्रकरण तेच असते. तिसऱ्यात आशयसूत्रे, चौथ्यात अभिव्यक्तिविशेष, म्हणजे निवेदन, पात्रचित्रण, वातावरण आणि भाषाशैली यांची एकेक मथळ्याखाली उदाहरणे. शेवटी उपसंहार. शेदीडशे पानांतील निम्मी पाने संपेपर्यंत विद्यार्थ्याची आणि कादंबरीची गाठच पडत नाही. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, आदिवासी हे शब्द एकेकाळी वाङ्मयीन संघर्षातून आले; या साच्यात ते कपाटाच्या खणांवरील चिठ्ठ्या झाले. स्त्रीवादी समीक्षेवर वीस पाने लिहून झाल्यावर प्रत्यक्ष कादंबरीच्या विवेचनात 'नायिका सोशिक व त्यागी आहे' असे कौतुकाचे वाक्य येते, आणि या दोन ठिकाणांमधला विरोध ना विद्यार्थ्याला खटकतो, ना मार्गदर्शकाला, ना परीक्षकाला.

या साच्यातील सर्वांत बोलका भाग म्हणजे गृहीतक. संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम समाजशास्त्रे आणि शिक्षणशास्त्र यांच्याकडून उचललेला असल्यामुळे मराठीच्या विद्यार्थ्यालाही उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा असे रकाने भरून द्यावे लागतात. मग तो लिहितो : 'अमुक यांच्या कवितेत सामाजिक जाणीव प्रकर्षाने आढळते.' वर्षभराने उपसंहारात लिहितो : 'अमुक यांच्या कवितेत सामाजिक जाणीव प्रकर्षाने आढळते, हे गृहीतक सिद्ध झाले.' परीक्षक म्हणून हातात आलेल्या लघुप्रबंधांपैकी एकाही लघुप्रबंधात गृहीतक चुकल्याचे मला आढळलेले नाही. ज्या शास्त्रांतून ही संज्ञा आली, तिथे ती चुकण्याची शक्यता हाच तिचा प्राण असतो. इथे तिला रकाना भरण्यापुरते बोलावलेले असते. संज्ञा आणायची आणि तिच्यातली जोखीम सीमेवरच उतरवून ठेवायची, ही सवय आपल्या समीक्षाव्यवहाराला जुनी आहे. संरचनावादाचे, विखंडनाचे, देशीयतेचेही आपण पुष्कळदा हेच केले.

साहित्याच्या अभ्यासाला गृहीतक नकोच, असे काहीजण यावर म्हणतील. शब्दासाठी मी भांडणार नाही. मात्र ज्याचे उत्तर 'नाही' असे येऊ शकते असा प्रश्न हवा, आणि तो वर्षभरात पुरा होण्याइतका लहान हवा. लघुप्रबंधाचे सामर्थ्य त्याच्या लघुत्वात होते. मराठीत त्याला प्रबंधाची बारीक आवृत्ती समजले गेले. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. कादंबरी यमुनेच्या तोंडून सांगितलेली आहे. म्हणजे जे घडून गेले ते ती मागे वळून सांगते. आता प्रश्न असा की, मागे वळून सांगणारी ही निवेदिका पुढे काय होणार हे पहिल्या हप्त्यापासून जाणते का? की लेखक आठवड्या-आठवड्याला पुढची वाट शोधतो आहे आणि निवेदिकेचे जाणतेपण त्याच्या मागून वाढते आहे? प्रकरणाचा शेवट अंकाच्या पानांच्या हिशेबाने होतो की कथनाच्या? क्रमशः आलेला मजकूर आणि पुस्तकातला मजकूर शेजारी ठेवले तर काय बदललेले दिसते? काही बदललेले नसेल, तर तेही सांगण्यासारखे आहे. यासाठी हरिभाऊंचे चरित्र लागत नाही, कादंबरीचा उगम आणि विकास लागत नाही. अंक लागतात, पुस्तक लागते आणि निवेदनाविषयीचा थोडा काटेकोर विचार लागतो. निवेदनमीमांसेचे पुस्तक हा विद्यार्थी उघडेल ते अडल्यामुळे उघडेल, आणि सिद्धान्त त्याच्या लेखनात स्वतंत्र प्रकरण म्हणून न येता हत्यार म्हणून येईल.

साधने कुठे मिळतात, असे यावर विचारले जाते. १९४४ मध्ये शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची छापली. पुढचा भाग १९६१ मध्ये आला. त्यानंतर १८०० ते १९५० मधील नियतकालिकांची सूची झाली. इतका पाया फार थोड्या भारतीय भाषांना लाभला असेल. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. जळगावच्या विद्यार्थ्याला 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक आपल्याच गावातून १८८७ पासून निघत होते, हे ठाऊक असते का? केशवसुतांच्या काळातल्या कवितेचे बरेवाईट तिथे छापले गेले आहे. त्या मासिकातली, आज कोणीही नाव न घेणारी कविता कशी होती, कोणत्या वृत्तांत होती, ती लिहिणारे कोण होते, हा एका वर्षाचा उत्तम विषय आहे आणि त्यावाचून केशवसुतांचे वेगळेपण ही नुसती ऐकीव गोष्ट राहते. असे विषय दिले जात नाहीत, कारण ते देण्यासाठी मार्गदर्शकाला आधी स्वतः धूळ खावी लागते. 'चिकित्सक अभ्यास' देणे सोपे. लेखकाचे नाव बदलले की विषय नवा.

आता एम.फिल. गेली तर पीएच.डी. आहेच, हा युक्तिवाद. पीएच.डी.मध्ये तोच साचा तिप्पट जाडीने वापरला जातो, हे या युक्तिवादात सोयीने विसरले जाते. प्रवेशपरीक्षा आणि अभ्यासक्रमाची ठरावीक श्रेयांके संपली की एकही लहान प्रश्न कधी पुरा न केलेला विद्यार्थी चार-सहा वर्षांच्या कामाला लागतो. पूर्वी निदान एकदा, शंभर पानांत का होईना, सुरुवात, मध्य आणि शेवट असलेले काही लिहून त्याने हातावेगळे केलेले असे. ते कच्चे असेल, पण कुठे कच्चे आहे हे दिसत असे. मार्गदर्शकालाही कळे की, हा विद्यार्थी पुढच्या वाटेचा आहे की नाही.

आणि सगळ्यांनाच पुढच्या वाटेला जायचे नसते. तालुक्याच्या महाविद्यालयातून एम.ए. झालेली, घरात पहिल्यांदाच पदवी आणणारी मुलगी. शाळेत शिकवणारा, एखाद्या प्रश्नावर नीट विचार करावासा वाटणारा शिक्षक. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत धावणारा तरुण. यांना दीडदोन वर्षांत पुरी होणारी, प्रतिष्ठेची संशोधनपदवी हा एकच दरवाजा होता. २००५-०६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीत एम.फिल.चा समावेश होता, आणि त्या आधारावर ग्रंथालयात बसण्याची उसंत ज्यांना आयुष्यात प्रथम मिळाली असे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पीएच.डी. मध्येच सुटली तर हाती काही उरत नाही. पदवी बंद करताना हा वर्ग कोणाच्या हिशेबात नव्हता. पण त्याची बाजू मांडण्याचे काम आयोगाचे नव्हते, विभागांचे होते.

वाङ्मयचौर्याच्या प्रश्नावर एरवी फार बोलले जाते, म्हणून थोडक्यात. २०१८ च्या विनियमांनी साम्याची टक्केवारी ठरवून दिली. युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी झालेला मराठी मजकूर यंत्राला वाचताच येत नाही. त्यामुळे टक्केवारी निर्मळ निघते. पण वर सांगितलेले दुसरे प्रकरण शब्द बदलून लिहिले तरी चोरीचेच राहते, कारण तिथे विचार करण्याचा प्रसंगच आलेला नसतो. यंत्र हे पकडणार नाही. मौखिकीत दोन प्रश्न विचारले तर पकडता येते. मात्र मौखिकीची वेळ, परीक्षकाची गाडी आणि जेवण यांची सांगड अगोदरच घातलेली असते.

एम.फिल. परत आणा, अशी मागणी मी करीत नाही. ती कोणी ऐकणार नाही आणि जशी होती तशी परत आणण्यात अर्थही नाही. पण नव्या रचनेत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांके आली आहेत. म्हणजे लघुप्रबंध दुसऱ्या नावाने, अधिक लहान होऊन, अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोचला आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या प्रकल्पांची शीर्षके 'अमुक यांच्या कथांचा चिकित्सक अभ्यास' अशीच आहेत. साठ पानांत जीवनपरिचय, कथेची संकल्पना, आशय, अभिव्यक्ती, उपसंहार. गृहीतक सिद्ध झालेले.

हे थांबवायला आयोगाची परवानगी लागत नाही. अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत ठरवता येईल की, जीवनपरिचयाचे आणि विधेच्या इतिहासाचे प्रकरण स्वीकारले जाणार नाही. शीर्षकाबरोबर विद्यार्थ्याने एक प्रश्न लिहून द्यावा आणि त्याचे उत्तर 'नाही' आले तर प्रकल्पात काय उरेल, तेही लिहावे. दुसरे काम कपाटांचे आहे. पीएच.डी.चे प्रबंध आता 'शोधगंगा'वर जातात. काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेले, पाठीवर सोनेरी अक्षरे असलेले लघुप्रबंध मात्र विभागांच्या खोल्यांत पडून आहेत आणि रंगकाम निघाले की प्रथम तेच बाहेर काढले जातात. त्यांत टाकाऊ फार असतील. काही नसतील. एखाद्या गावच्या बोलीचा शब्दसंग्रह, एखाद्या बंद पडलेल्या अनियतकालिकाचे अंक शोधून केलेली सूची, एखाद्या लोकगीताची आता कोणाला न येणारी पाठभेदे, असे काही त्यांत निश्चित आहे. माझ्या स्वतःच्या विभागातल्या कपाटात तरी आहे. प्रत्येक विभागाने आपल्या लघुप्रबंधांची सूची करावी, शीर्षक-वर्ष-पृष्ठे एवढीच का होईना. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना पहिला प्रकल्प म्हणून तीच देता येईल.