जिवाणू राबतील, पण धातूचे काय?

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून उतरते आणि कर्जतपाशी सपाटीला लागते. कर्जत रेल्वे स्थानकाला खेटून असलेले भिसेगाव याच टापूतले. पुढे भिवपुरीच्या वीजगृहातून १९२२ सालापासून सुटणारे पाणी पेज नदीमार्गे उल्हासला मिळते, आणि भर उन्हाळ्यातही तिचे पात्र वाहते राहते. खाली बदलापूरपासून कल्याण-उल्हासनगरपर्यंत लाखो लोकांची तहान तीच भागवते. साहजिकच भिसेगावच्या नाल्यात काय सोडले जाते, हा प्रश्न एकट्या भिसेगावचा राहत नाही.

या प्रश्नावर अलीकडे एक सोयीचे उत्तर पुढे केले जाते: नाल्यात जिवाणूंचे विरजण घालावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली, सांडपाणी प्रकल्प उभे राहीपर्यंत नाल्यांवर जागच्या जागी जैविक प्रक्रिया करण्यास सांगितले, तेव्हापासून या उपायाला बळ आले. घरगुती मैलापाण्यापुरता तो योग्यच आहे. मैला जिवाणूंचे अन्न आहे; ते खाऊन त्याचा कर्बवायू आणि पाणी करतात. परंतु क्रोमियम, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्ये आहेत. ती कोणाच्याही पोटात जिरत नाहीत. जिवाणू फार तर त्यांचे रूप पालटतो.

अर्थात रूप पालटणे ही लहान गोष्ट नव्हे. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आणि पाण्यात सहज विरघळणारे. त्याचे त्रिसंयुजी रूप पुष्कळच निरुपद्रवी असून ते गाळात बसते. काही जिवाणू हा पालट सहज घडवून आणतात. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात, तो वायू जस्त व कॅडमियम यांना धरून तळाशी नेतो. नेदरलँडमधील बुडेल येथील जस्ताच्या कारखान्यात १९९२ पासून दूषित भूजल याच रीतीने शुद्ध केले गेले आणि साठलेले जस्त पुन्हा भट्टीत गेले. त्या यशाचे मर्म बंद टाकीत आहे. तेथे काय आत जाते आणि काय बाहेर पडते, याचा हिशेब ठेवता येतो.

उघड्या नाल्यात असा हिशेब कोण ठेवणार? शिवाय एक धोका फारसा सांगितला जात नाही. सल्फेटवर जगणारे हेच जिवाणू गाळातील पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करू शकतात. मिथिल पारा माशांत साठतो. १९५६ साली उघडकीस आलेल्या जपानमधील मिनामाता रोगामागे हेच विष होते. त्या कारखान्याने ते थेट समुद्रात सोडले होते, एवढाच फरक. ज्या नाल्यात पारा येत असेल, तेथे जिवाणूंची मात्रा ओतणे म्हणजे आगीशी खेळच म्हणावा लागेल.

यासाठी परदेशाकडेच पाहावे लागते असेही नाही. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोप्लेटिंगच्या सांडपाण्यातील धातू-सायनाइडवर जैविक प्रक्रिया विकसित केली. सायनाइडचे विघटन जिवाणूंनी करायचे आणि धातू जैवभारावर पकडून परत मिळवायचा, अशी ही दुहेरी योजना. तिचे शोधनिबंध १९९९-२००० मध्येच प्रसिद्ध झाले. मुंबईच्या परिसरात इलेक्ट्रोप्लेटिंगचे किती लहान गाळे आहेत हे पाहिले, म्हणजे आपल्याच प्रयोगशाळेतील विद्या आपल्याच उद्योगाच्या दारी पोहोचवण्याची निकड कळते.

प्रक्रिया झाली तरी धातूने भरलेला गाळ उरतोच. त्याची जागा तळोज्यासारख्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात आहे. नगरपरिषदेच्या मैला प्रकल्पात कारखान्याचे पाणी मिसळू दिले, तर तोच गाळ खत म्हणून शेतात जाईल. आणि जिथे टँकर रात्री येऊन रिकामे होतात, तिथे कोणताही जिवाणू कामाचा नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत अशीच रसायने ओतली गेली आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले.

कर्जत-खालापूर पट्ट्यात वस्ती वाढते आहे, तिच्यामागून वर्कशॉपही येतील. षट्संयुजी क्रोमियमसाठी लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आणि पाऱ्यासाठी ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा कायद्यात आहेच. परवाना देतानाच धातूचे पाणी वेगळ्या टाकीत घेण्याची अट घालणे आणि नाल्याच्या मुखाशी नियमित तपासणी करून तिचे आकडे गावाच्या फलकावर लावणे, एवढे नगरपरिषद व प्रदूषण नियंत्रण मंडळाला आजही करता येईल. वालधुनीच्या काठी ही वेळ केव्हाच टळून गेली. भिसेगावच्या काठी ती अजून टळलेली नाही.