काचेची नळी, वीस मिनिटं

पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली की डहाणू-तलासरीच्या दवाखान्यांत साप चावलेली माणसं येऊ लागतात. तिथल्या कैनाड गावच्या शेतात अनवाणी राबणाऱ्या बाईला घोणस चावली, तर पाय सुजतो आणि काही तासांत हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ शकतं.

घोणशीच्या विषातली प्रथिनं रक्त गोठवणारी यंत्रणा जखमेशिवायच चालू करतात. एक प्रथिन रक्त गोठवणाऱ्या पाचव्या घटकाला चेतवतं, दुसरं दहाव्याला. फुरशाच्या विषातलं इकॅरिन तर सरळ प्रोथ्रॉम्बिन या घटकालाच गाठतं. रक्तवाहिन्यांत बारीक गुठळ्या होत-विरघळत राहतात आणि गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन संपून जातं. खरी जखम झाली की रक्त थांबवायला काही उरत नाही. अशा वेळी दंशावर ब्लेड चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. पाड्यावर भगताचा, म्हणजे मांत्रिक-वैदूचा, शब्द मानला जातो, म्हणून 'चिरू नका, आधी दवाखान्यात पाठवा' हे भगतालाच पटवून द्यायला हवं.

दवाखान्यात काय करायचं? दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी कलती करून पाहायची. रक्त न गोठता वाहिलं तर प्रतिसर्पविष सुरू करायचं. मात्र नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. औषध सुरू झाल्यावर सहा तासांनी पुन्हा तपासायचं, कारण औषध विष निकामी करतं, पण संपलेले घटक यकृतालाच नव्याने बनवावे लागतात.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावतात, असा 2020 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने 2024 मध्ये जाहीर केला. त्यासाठी मोठी यंत्रं लागतीलच, पण सुरुवात साध्या नळीपासून करता येईल. पालघर जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविषाच्या कुप्यांशेजारी नव्या, न धुतलेल्या काचेच्या नळ्या आणि भिंतीवर चालतं घड्याळ असू द्या. आणि घरच्यांनो, साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका. चावलेला पाय न हलवता माणसाला झोपवा आणि 108 ला फोन लावा.