कर्त्याविना वाक्य

सत्तेची भाषा आपल्याला ओळखता येते, अशी साहित्याच्या अभ्यासकांची समजूत असते. शासननिर्णयातल्या 'करण्यात येत आहे' या रचनेतून कर्ता कसा अदृश्य होतो, हे आपण वर्गात शिकवतोही. परंतु महाविद्यालयाच्या संगणककक्षात उमटणारे तशाच घडणीचे एक वाक्य आपण न वाचताच बाजूला सारतो. या संगणकावर लागू असलेल्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द करण्यात आली आहे, व्यवस्थापकाशी संपर्क साधा, असा त्याचा आशय. निर्बंध कोणी घातले, कधी आणि कशासाठी, याचा त्यात पत्ता नसतो. या वाक्यामागची यंत्रणा हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही; भाषाविभागांनी तिची दखल घ्यायला हवी, असे माझे मत आहे.

या यंत्रणेचे नाव 'ग्रुप पॉलिसी'. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर ती आणली. संस्थेतले सारे संगणक आणि सारे वापरकर्ते एका मध्यवर्ती नोंदवहीत असतात. व्यवस्थापक एकाच ठिकाणी बसून नियम लिहितो. संगणक सुरू होताना आणि वापरकर्ता आत शिरताना ते लागू होतात. पुढेही साधारण दर ९० मिनिटांनी संगणक नियमांची पुन्हा विचारणा करतो. नियमांची उतरंड असते: आधी त्या संगणकाचे स्वतःचे, मग स्थळाचे, मग संपूर्ण क्षेत्राचे आणि शेवटी विभागाचे. दोन नियमांत विरोध आला तर नंतरचा प्रबळ ठरतो. मात्र वरच्याने आपला नियम 'सक्तीचा' म्हणून नोंदवला असेल, तर खालच्याचे काही चालत नाही.

व्याकरणाच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसेल. दोन सूत्रांत विरोध आल्यास नंतरचे प्रबळ, असाच पाणिनीच्या एका सूत्राचा अर्थ परंपरेने लावला. फरक एवढाच की अष्टाध्यायीतले नियम सर्वांसमोर आहेत. त्यांवर वार्तिके झाली, भाष्य झाले आणि वाद अजून चालू आहे. संगणककक्षातले नियम ज्यांना लागू होतात, त्यांना ते वाचायलाही मिळत नाहीत.

केंद्रीय नियंत्रणाची गरज मी नाकारत नाही. २००८ मध्ये पसरलेला 'कॉन्फिकर' हा विषाणू पेनड्राइव्हमधूनही शिरत असे, आणि पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय सर्व संगणकांवर एका आदेशात बंद करता येणे हे त्यावरच्या उपायांपैकी एक होते. शंभर संगणक आणि एक तंत्रज्ञ असे प्रमाण असेल तर दुसरा मार्ग नसतो. म्हणूनच येथे घाईने फूकोला पाचारण करण्यात मला अर्थ दिसत नाही. प्रश्न पाळतीचा नसून गृहीतकाचा आहे.

'कंट्रोल पॅनेल बंद' हा एक नेहमीचा नियम घ्या. विद्यार्थ्यांनी सेटिंग बिघडवू नये एवढाच त्याचा हेतू असतो. पण भाषा आणि कळफलक जोडण्याची वाटही तेथूनच जाते. मराठीवर बंदी घालावी असे कोणाच्या मनातही नसते. तरीही बंदी होते, कारण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा वापरकर्ता इंग्रजीत लिहिणारा असतो. जेथे ही वाट खुली असते तेथेही 'मँडेटरी प्रोफाइल' असू शकते. विद्यार्थी देवनागरी कळफलक जोडतो, लिहितो, बाहेर पडतो. पुन्हा येतो तेव्हा सारे पुसलेले असते. रोज नव्याने जोडण्यापेक्षा तो टिपणे रोमन लिपीत लिहू लागतो.

या क्षेत्रातल्या तंत्रज्ञांच्या बोलीत एक शब्द आहे: गोंदण. विंडोज एनटीच्या काळातले नियम मागे घेतले तरी त्यांची खूण संगणकात राहत असे, तिला हे नाव होते. ग्रुप पॉलिसीने हा दोष बऱ्याच अंशी दूर केला. नियम उठला की संगणक मोकळा होतो. विद्यार्थ्याच्या बोटांना लागलेली सवय मात्र तशी उठत नाही. पदव्युत्तर वर्गातही स्वतःचा निबंध देवनागरीत टंकता न येणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा आपण त्यांच्या अनास्थेला दोष देऊन मोकळे होतो. त्या दोषातला काही वाटा संस्थेच्या नियमांकडेही जातो.

उपाय अवघड नाहीत. जी यंत्रणा बंदी घालते, तीच इनस्क्रिप्ट आणि ध्वन्यनुसारी असे दोन्ही मराठी कळफलक प्रत्येक संगणकावर पोहोचवू शकते. भाषाविभागाच्या संगणकांचा स्वतंत्र गट करून त्याला वेगळे नियम लावता येतात. कोणता नियम कोठून आला हे संगणकाला ठाऊक असते. 'जीपीरिझल्ट' ही आज्ञा दिली की तो ते सांगतो. तेव्हा लागू नियमांची यादी, त्यामागची कारणे आणि निर्णय घेणाऱ्याचे पद यांचा कागद प्रयोगशाळेच्या दारावर लावण्यात अडचण कोणती? ग्रंथालय समितीवर मराठीचा प्राध्यापक असतो, तसा तो संगणक समितीवरही असावा. नियम लिहिणे हे अखेर लेखनच आहे, आणि लेखनाचे वाचन हे आपले काम आहे.