कौल जनतेचा, भार कोणाचा?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस काउंटीत रेल्वे-बससेवा वाढविण्यासाठी विक्रीकर वाढवावा की नाही, हे मतदारांनाच विचारण्यात आले. अट दोन तृतीयांश मतांची. २००८ साली अर्ध्या टक्क्याची वाढ मंजूर झाली; २०१२ साली तिची मुदत वाढविण्याचा प्रस्ताव ६६ टक्के मते मिळूनही पडला; २०१६ साली आणखी अर्धा टक्का मंजूर झाला.

जनतेचा कौल घेण्याच्या या पद्धतीचे आम्ही स्वागतच करतो. परंतु विक्रीकर मजुराला व मालकाला एकाच दराने लागतो. मिळकतीच्या मानाने झळ मजुरालाच अधिक बसते. म्हणून सेवा हवी का, एवढेच विचारून भागणार नाही. तिचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्नही मतपत्रिकेवर आला पाहिजे. तो आणणे हे कामगार संघटनांचे काम आहे.