बुटक्या कोंबड्यांचे बिऱ्हाड

मैत्रिणींनो, लोणची, कुंड्या, मुलांचे डबे यांवर आपण या पानात पुष्कळ बोललो. आज पिसांचा विषय काढते. आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या गल्लीत सध्या बुटक्या, शोभेच्या कोंबड्यांची हौस शिरली आहे. मोठ्या शहरांतल्या पक्ष्यांच्या दुकानांत त्या बॅण्टम म्हणून मिळतात. हे नाव जावा बेटावरच्या एका जुन्या बंदराचे. तिथून जहाजांवर चढलेल्या लहानखुऱ्या कोंबड्या गोऱ्या खलाशांना आवडल्या आणि बंदराचेच नाव त्यांना चिकटले.

कोंबडी जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोची. समोरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काहून वं बाई, एवढ्याश्या कोंबड्या पायल्या? याईचं कालवण तरी कितीक होईन?" प्रश्न रास्तच आहे. अंडी आणि मांस यांसाठीच पाळायच्या असतील तर हैदराबादची वनराज किंवा बंगळूरची गिरिराज घ्यावी. त्या मुद्दाम परसासाठीच तयार केलेल्या जाती आहेत. बुटक्या कोंबड्या घ्यायच्या त्या अंगणाच्या शोभेसाठी, मुलांच्या लळ्यासाठी आणि त्यांच्या खुडूक बसण्याच्या गुणासाठी. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी घर. चार कोंबड्यांना कॉटएवढे खुराडे पुरते. पऱ्हाटीचा कूड दिसायला छान, पण त्यातून मुंगूस सहज शिरते. म्हणून आतून बारीक छिद्रांची जाळी मारून घ्या आणि ती वीतभर जमिनीत गाडा. साप आणि बोका यांचाही त्याने बंदोबस्त होतो. बसायला आडवी काठी हवीच. रेशमी पिसांची सिल्की जात मात्र काठीवर उडून बसू शकत नाही. तिची पिसे पाऊसही झेलत नाहीत, चिंब होऊन ती गारठते. आषाढ-श्रावणात तिला कोरडी जागा देता येत नसेल तर सिल्कीच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा उन्हाळा तर विचारूच नका. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून ती धापा टाकते, पंख अंगापासून सुटे धरते. असे दिसले की समजावे, तिला ऊन सोसत नाही. खुराड्यावर पत्रा असेल तर त्यावर तुराट्या किंवा कडबा जाड अंथरा, बाजूला ओले पोते सोडा, पण आत हवा खेळती राहू द्या. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दुपारी एकदा बदलून. दाणा सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर घालावा, भर दुपारी नको.

दाण्याला ज्वारी, तांदळाची कणी, मक्याचा भरडा, जोडीला मेथी-पालकाची देठं. अंड्यांची टरफलं भाजून, कुटून द्यावीत म्हणजे कवच पातळ पडत नाही. एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवली की त्या स्वतःच लोळून उवा-पिसवा झाडतात. एक गोष्ट आपल्या वऱ्हाडातल्या घरांनी विशेष सांभाळायची. गोठ्यात गाईसाठी सरकीची ढेप असते, ती कोंबड्यांना घालू नका. सरकीतल्या द्रव्यांनी ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो, पांढरा गुलाबी होतो. आणि मृगात घरात आणलेले रंग चोळलेले बियाणे तर त्यांच्या चोचीला लागताच कामा नये, ते विषच असते.

आता मानमोडीचे, म्हणजे राणीखेतचे सांगते. कुमाऊँच्या डोंगरातल्या गावाचे नाव या रोगाला पडले आहे. गेल्या फाल्गुनात आमच्या गल्लीतल्या एका घरी आठवड्यात अकरा कोंबड्या गेल्या. हिरवी पातळ शीट, वाकडी झालेली मान, लुळे पंख. त्या बाईंच्या अंड्यांच्या पैशांवर मुलीच्या शिकवणीची फी भागत होती. शोभेचे आणि गरजेचे पक्षी एकाच गल्लीत दाणा टिपतात, रोग काही घर विचारून येत नाही. एकदा लागण झाली की त्यावर औषध नाही, आधी टोचणे एवढेच हाती असते. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटाचा थेंब, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीचे इंजेक्शन.

अडचण अशी, की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते. चार कोंबड्यांसाठी कोण आणणार? शिवाय विरघळवलेली लस बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. तेव्हा आम्ही सात घरांनी मिळून एक दिवस ठरवला, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवले आणि सगळ्यांच्या कोंबड्या डालग्यांत घालून एकाच ओसरीवर आणल्या. काकूंच्या गावठी कोंबड्याही आल्या! आजारी पक्षी मात्र त्या दिवशी आणू नये. मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा. आणि एकाच वेळी पुष्कळ पक्षी मेले तर हात न लावता दवाखान्याला कळवावे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

खुडूक बसण्याचे राहिले. बुटकी कोंबडी मोठी चिकाटीची आई. काकूंनी आपल्या गावठी कोंबडीची पाच अंडी माझ्या बुटकीखाली ठेवली. त्याहून जास्त तिच्या पंखांत मावत नाहीत. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात पाहिले तर चारांत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या, पाचवे स्वच्छ होते, ते काढून टाकले. गावठी अंड्याला 21 दिवस लागतात. तिची स्वतःची अंडी कधी एक-दोन दिवस आधीही फुटतात. दाणा-पाणी जवळच ठेवा, ती दिवसातून एकदाच उठते.

मात्र साधारण निम्मी पिल्ले नर निघतात, याचा विचार अंडी ठेवण्याआधीच करा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. दोन कोंबडे लहान अंगणात रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात, आणि पहाटे चारला बांग सुरू झाली की शेजारच्या वहिनींचे तोंड फिरते. मुलांनी नावे ठेवल्यावर कोंबडा कापायचा, विकायचा की कुणाला द्यायचा हा वाद घरात फार अवघड होतो. आमच्याकडे माळकरी सासूबाई आहेत, कापण्याचा प्रश्नच नाही. म्हणून पिल्ले निघण्याआधीच काकूंशी बोलणे करून ठेवले आहे, की नर सगळे त्यांचे, आणि पुढे काय झाले ते त्यांनी माझ्या मुलांना सांगायचे नाही.