कुठल्या पानावर लिहिलंय?

जांभूळ हे नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा एकाच बातमीत. एमआयडीसीच्या जांभूळ जलशुद्धीकरण केंद्रात देखभाल-दुरुस्तीचं काम असल्यामुळे अमुक दिवशी पाणीपुरवठा बंद. मग डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथची माणसं आदल्या रात्री पिंपं भरून ठेवतात आणि एमआयडीसीच्या नावाने चडफडतात. पण चालता पंप कशाला उघडायचा, असं कुणी विचारत नाही. तेवढं सगळ्यांना कळतं. प्रश्न पडतात ते स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला लावली की.

माझा मावसभाऊ जांभूळमध्ये राहतो आणि पाण्याचा टँकर चालवतो. पाणी बंद असलेला दिवस म्हणजे त्याच्या धंद्याचा दिवस. गाडी बीएस-सहा, अजून वॉरंटीत. मागच्या महिन्यात शोरूमने त्याच्या हातात एस्टिमेट ठेवलं आणि त्याने त्याचा फोटो मला पाठवला. खाली एकच ओळ, ‘दादा, हे सगळं करायचं का? गाडीत तर काय प्रॉब्लेम नाय.’

एस्टिमेटमध्ये दोन प्रकारची कामं एकाच सुरात लिहिलेली होती. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर ही पहिली. त्यांच्याखाली इंजिन फ्लशिंग, नोझल क्लीनिंग, डिकार्बोनायझिंग आणि तेलात टाकायची एक बाटली. या दुसऱ्या प्रकाराला धंद्यात ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस’ म्हणतात. गाडी विकण्यात डीलरला फार सुटत नाही, वर्कशॉप आणि सुट्या भागांवर त्याचं घर चालतं, हे उघड गुपित आहे. त्याबद्दल मला राग नाही. काउंटरवरच्या पोराला महिन्याचं टार्गेट असतं आणि तो ते करतो. आपण मात्र त्याला एक प्रश्न विचारायचा असतो: हे मॅन्युअलच्या कुठल्या पानावर लिहिलंय?

पहिल्या चार कामांचं पान सापडतं. आणि त्या कामांत शोरूमचं ऐकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या टाटा 407 च्या काळातला हिशेब आता चालत नाही. 1986 मध्ये आलेली ती गाडी ड्रममधल्या सुट्या तेलावरही वर्षानुवर्षं चालली, म्हणून आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून त्याच भरवशावर बोलतात. पण एप्रिल 2020 पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचं मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ बसला. काजळी त्यात तापून जळून जाते. तेलातल्या रसायनांची राख मात्र जळत नाही, ती आत साठत राहते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं तेल लागतं. डब्यावरचा ग्रेड न बघता लिटरमागे शंभर रुपये वाचवले, तर पुढे डीपीएफच्या बिलात ते व्याजासकट जातात. डिझेल फिल्टरचंही तेच. कॉमन रेल इंजिनात नोझलवर दीड-दोन हजार बारचा दाब असतो. तिथे डिझेलमधलं पाणी किंवा डोळ्याला न दिसणारा कण गेला की नोझल खलास.

आता खालच्या चार ओळी. तेलात मळ धुणारी रसायनं मुळातच घातलेली असतात. वेळेवर तेल बदललेल्या इंजिनाला वेगळ्या फ्लशिंगची गरज नाही, आणि ज्याचं तेल वर्षानुवर्षं बदललेलं नाही त्याला ते धोक्याचंच. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसला, तर तेल वर चढत नाही. बाटलीबद्दल म्हणायचं तर ज्या कंपनीने इंजिन बनवलं तिने तेलाचा ग्रेड छापून दिला आहे, बाटलीचा नाही. नोझल क्लीनिंग हे रोगाचं औषध आहे. धूर, अ‍ॅव्हरेजमध्ये घट, सकाळी सेल्फ जास्त मारावा लागणं अशी तक्रार असेल आणि स्कॅनरने तिकडे बोट दाखवलं असेल, तर करा. तक्रार नसताना कशाला?

‘नाही केलं तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य इथे हमखास येतं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग बाहेरच्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत आणि बाहेरच्या गॅरेजचा हात लागला की वॉरंटी रद्द, या दोन्ही गोष्टींवर आयोगाने बोट ठेवलं. कंपन्या पुढे अपिलात आणि कोर्टात गेल्या, आणि ते प्रकरण मोटारींचं होतं, ट्रकचं नाही. अमेरिकेत तर 1975 पासून कायदाच आहे की अमुकच ब्रँडचा भाग किंवा अमुकच दुकान अशी वॉरंटीला गाठ मारता येत नाही. आपल्याकडे व्यवहारातला उपाय साधा आहे: ‘हे कंपल्सरी आहे असं लिहून द्या.’ मावसभावाने तेवढंच म्हटलं. फ्लशिंगची ओळ एस्टिमेटमधून गेली, कुणी वादही घातला नाही.

इथवर कुणीही सांगेल. मला खरा राग आहे तो एस्टिमेटमध्ये जे नव्हतंच त्याचा.

शोरूममध्ये कुणीही त्याला विचारलं नाही की गाडी करते काय. मीटरवरचे किलोमीटर बघितले आणि तक्ता लावला. हा टँकर जांभूळहून निघतो, बदलापूर नाहीतर अंबरनाथच्या एखाद्या सोसायटीत जातो आणि तिथे इंजिनावरच पंप चालवून टाकी भरतो. जागेवर उभा, इंजिन चालू, मीटर गप्प. अमेरिकेत फोर्डने पोलिसांच्या गाड्यांसाठी हिशेब दिला होता की उभ्याने इंजिन चाललेला एक तास म्हणजे साधारण 33 मैल, आपले 53 किलोमीटर, धरावे. तो आकडा डोळे झाकून आपल्या टँकरला लावू नये, पण दिशा कळते. मॅन्युअलच्या मागच्या पानांत ‘अवघड वापर’ नावाचा एक भाग असतो. धूळ, छोट्या फेऱ्या, लांबलेलं आयडलिंग, जास्त बोजा असेल तर तेल-फिल्टर लवकर बदला, असं त्यात असतं. वीटभट्टीच्या कच्च्या रस्त्यावरून जाणाऱ्या, एका दिवसात दहा ठिकाणी थांबणाऱ्या गाडीला हे चारही लागू. म्हणजे फ्लशिंगचे वाचलेले पैसे पुढचं तेल लवकर बदलण्यात घालायचे. छोट्या फेऱ्यांत डीपीएफ नीट तापत नाही, ही आणखी एक कटकट. त्यासाठी अधूनमधून गाडी हायवेला काढावी लागते, आणि रिकामी फेरी कुणाला परवडते?

दुसरी गाळलेली ओळ कूलंटची. गावात एवढं मोठं शुद्धीकरण केंद्र, म्हणून आमच्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी बिनधास्त ओततात. पिण्याला ते उत्तम. पण डिझेल इंजिनाच्या सिलिंडरचा लायनर प्रत्येक स्फोटाला थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंड टोचून टोचून खातात. कूलंटमधली रसायनं लायनरवर जो थर धरतात तो नुसत्या पाण्यात नसतो. भोक आरपार गेलं की पाणी तेलात, आणि मग हाफ इंजिन खोलायची वेळ. एवढ्या मोठ्या खर्चाला अडवणारा डबा एस्टिमेटमध्ये नव्हता, आणि चकचकीत बाटली मात्र होती.

असा खर्च आधीच ओळखायची रीत जवळच आहे. कल्याणला रेल्वेचं डिझेल लोको शेड आहे. अशा शेडमधून इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि त्यात लोखंड, तांबं, शिसं किती उतरलंय यावरून आतला कुठला भाग झिजतोय हे इंजिन न खोलता ओळखतात. गेल्या पिढीत आमच्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं रेल्वेत होती, पण ही सवय टेम्पोवाल्यांपर्यंत काही आली नाही. एका टँकरच्या आठ-दहा लिटर तेलासाठी चाचणी परवडत नाही, हेही खरं. पन्नास गाड्यांचा मालक असेल तर मात्र मी त्याला शोरूमआधी तेलाच्या प्रयोगशाळेत पाठवीन.

आणि एक प्रसंग असा की तिथे शोरूम सांगेल ते सगळं करावं. 27 जुलै 2019 ला उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. असं पाणी पार्किंगमध्ये शिरलं की खरी चूक होते ती दुसऱ्या दिवशी. माणूस हौसेने चावी फिरवतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी सेल्फ न मारता टो करून न्यावी आणि तेलं, फिल्टर, डिझेल टाकी, सगळं बदलायला सांगितलं तर बदलावं. त्या बिलावर घासाघीस नको.

मावसभावाने शेवटी फिल्टर-तेलाची चार कामं केली, कूलंट स्वतः मागून घातलं आणि तारीख लिहायला वही केली. त्यात किलोमीटरच्या शेजारी पंप चालल्याचे तास लिहितो. फक्त एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. त्याच्या मित्राने डिकार्बोनायझिंग केलं आणि ‘गाडी एकदम हलकी झाली’ म्हणे. मी विचारलं, त्याच दिवशी एअर फिल्टर पण बदलला होता का? मित्राला विचारून सांगतो म्हणाला.